कापलं तर सांधणारं, तापलं की पांढरं होणारं जेल: प्रकल्प करायचा तर असा करा

विज्ञान प्रदर्शनात ‘स्लाइम’ नवं राहिलेलं नाही. मुलं ते ताणून दाखवतात, बघणारे बोट खुपसून पाहतात आणि पुढच्या टेबलाकडे सरकतात. ‘यात तुम्ही मोजलंत काय?’ असं परीक्षकांनी विचारलं की मात्र पंचाईत होते. त्याच सामानात एका पदार्थाची भर घातली आणि कामाला थोडी शिस्त लावली, तर अकरावी-बारावीच्या किंवा बीएस्सीच्या विद्यार्थ्याला ताठ मानेने मांडता येईल असा प्रकल्प त्यातून उभा राहतो. कात्रीने कापल्यावर पुन्हा एकसंध होणारं, तापवलं की पारदर्शकपणा टाकून दुधाळ होणारं आणि निवलं की पुन्हा स्वच्छ होणारं हायड्रोजेल हा तो प्रकल्प. अशा जेलवर जगभर संशोधन चालू आहे ते मुख्यतः उन्हाला आपोआप अडवणाऱ्या खिडक्यांसाठी.

हा लेख प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. कृती अवघड नाही. पण सांधणं कोणत्या घटकामुळे आणि पांढरं होणं कोणत्या घटकामुळे, हे वेगवेगळं सिद्ध करून दाखवलं तरच तो प्रकल्प. नाहीतर नुसती गंमत.

आधी तत्त्व पक्कं करा

हायड्रोजेल म्हणजे लांबलचक पॉलिमर साखळ्यांचं जाळं आणि त्यात अडकून राहिलेलं भरपूर पाणी. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हे त्याचं सर्वांच्या ओळखीचं उदाहरण. जाळ्याच्या गाठी पक्क्या रासायनिक बंधांच्या असतील, तर जेल एकदा फाटलं की फाटलंच. गाठी कच्च्या, म्हणजे सतत सुटणाऱ्या आणि पुन्हा बसणाऱ्या असतील, तर फाटलेल्या कडा एकमेकींना लावताच नव्या गाठी बसतात आणि जेल सांधतं.

आपल्या प्रकल्पात हे काम पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स, ही जोडी करते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलला यापुढे पीव्हीए म्हणू. त्याच्या साखळीवर ठरावीक अंतराने हायड्रॉक्सिल गट असतात. टाकणखार पाण्यात विरघळला की बोरेट आयन तयार होतात आणि एकेक आयन दोन साखळ्यांवरचे गट धरून ठेवतो. ही पकड क्षणभंगुर असते. म्हणून हे जेल झटकन ओढलं तर तुटतं, हळू ओढलं तर तारेसारखं लांबत जातं आणि नुसतं ठेवलं तर पसरतं.

पांढरं होण्याचं काम दुसऱ्या पॉलिमरचं: हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज, थोडक्यात एचपीसी. औषधाच्या गोळ्या बांधण्यासाठी आणि त्यांच्यावर आवरण चढवण्यासाठी ते वापरतात. थंड पाण्यात त्याच्या साखळ्या पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या असतात आणि द्रावण स्वच्छ दिसतं. तापमान साधारण ४१ ते ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की साखळ्या पाण्याची संगत सोडून एकमेकींना बिलगतात. त्यांचे बारीक पुंजके होतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि सेल्युलोजच्या या भाईबंदांचा १.५ च्या जवळपास. त्यामुळे पुंजक्यांवर आपटून प्रकाश चहूकडे विखुरतो. सगळेच रंग विखुरत असल्यामुळे डोळ्यांना पांढरं दिसतं.

अंड्यातला पारदर्शक भाग उकडल्यावर पांढरा होतो तोही प्रथिनांचे पुंजके होऊन प्रकाश विखुरल्यामुळेच. पण उकडलेलं अंडं गार केलं म्हणून पुन्हा कच्चं होत नाही. एचपीसीचे पुंजके मात्र निवताच सुटतात. हा फरक पाहणाऱ्याला आवर्जून सांगा, कारण ‘उलट फिरणारा बदल’ हाच या प्रकल्पाचा गाभा आहे.

या विषयावरचं वाचन करताना तुम्हाला एक नाव वारंवार भेटेल: पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलामाइड. हे पॉलिमर ३२ अंशांच्या आसपास पाण्यापासून वेगळं होतं, हे हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून संशोधकांचं ते लाडकं आहे. तुम्ही मात्र ते बनवायच्या फंदात पडू नका. अॅक्रिलामाइडच्या कुळातले मोनोमर हाताळायला विषारी आहेत. खुद्द अॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला अपाय करतं. ते काम सुसज्ज प्रयोगशाळेचं. एचपीसी हे तयार पॉलिमर आहे, म्हणून शाळा-कॉलेजसाठी तेच बरं.

सामान घेताना काय पाहावं

पीव्हीए रसायनांच्या दुकानात पांढऱ्या भुकटीच्या किंवा दाण्यांच्या रूपात मिळतं. फेव्हिकॉलसारखा लाकूडकामाचा पांढरा गोंद त्याच्या जागी चालणार नाही. तो मुख्यतः पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचा असतो. टाकणखाराने त्याचं स्लाइम होईल, पण ते मुळातच पांढरं असल्यामुळे तापवून काही दिसणार नाही. पीव्हीए घेताना डब्यावरचं ‘हायड्रोलिसिस’चं प्रमाण वाचा आणि वहीत लिहून ठेवा. ९८-९९ टक्क्यांचं पीव्हीए विरघळायला ८५-९० अंश तापमान लागतं. ८७-८९ टक्क्यांचं त्याहून कमी तापमानाला विरघळतं. दोन्ही चालतात, पण एका प्रकल्पात एकच वापरा.

एचपीसी मागवताना कमी चिकटपणाची प्रत मागा. इथे नावांचा घोळ होतो. सीएमसी, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, तापवलं तरी पांढरं होत नाही. एचपीएमसी, म्हणजे हायप्रोमेलोज, पांढरं होतं. डोळ्यांत घालायच्या कृत्रिम अश्रूंच्या काही थेंबांमध्ये आणि टाइल बसवायच्या मसाल्यातही ते असतं. मात्र प्रतीनुसार त्याला साधारण ६० ते ९० अंश लागतात. एचपीसी मिळालंच नाही तर एचपीएमसीवर प्रयोग करता येईल, पण तेवढ्या तापमानाला जेल फार पातळ होतं आणि हात भाजण्याची भीती असते.

टाकणखार काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. सोनार डाग देताना वापरतात तोच. पण दुकानदार कधी कधी लाही केलेला टाकणखार देतात. साध्या टाकणखाराच्या स्फटिकात पाण्याचे दहा रेणू असतात. त्याचं रेणुवस्तुमान सुमारे ३८१, तर पाणी पूर्ण उडालेल्याचं सुमारे २०१. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या पूर्ण कोरड्या टाकणखारात बोरेट जवळजवळ १.९ पट असतं. लाही किती कोरडी झाली हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा, स्फटिकजल असलेला बोरॅक्स घेणं चांगलं. पापडखार हा वेगळा पदार्थ आहे. त्याने हे जेल होणार नाही.

पाणी डिस्टिल्डच घ्या. बॅटरीत घालायचं पाणी पेट्रोल पंपावर मिळतं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरं पडण्याचं तापमान हलवतात आणि मग दोन गावांतल्या मुलांचे आकडे जुळत नाहीत. याशिवाय ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, थर्मामीटर, बीकर, परीक्षानळ्या, काचेची दांडी, सुईविना सिरिंज आणि हातमोजे एवढं पुरे.

द्रावणं: एकाला थंड, दुसऱ्याला गरम

अर्धे प्रकल्प इथेच फसतात. पीव्हीए आणि एचपीसी यांच्या विरघळण्याच्या तऱ्हा एकमेकींच्या उलट आहेत.

पीव्हीए (८ टक्के): ९२ मिलिलिटर थंड पाणी ढवळत ठेवून त्यात ८ ग्रॅम भुकटी चिमटी-चिमटीने भुरभुरवा. गरम पाण्यात टाकली तर वरचा थर लगेच फुगतो, आत कोरडी भुकटी राहते आणि गुठळ्या होतात. सगळी भुकटी भिजली की बीकर पाण्याच्या पातेल्यात ठेवून ८५-९० अंशांपर्यंत तापवा आणि ढवळत राहा. थेट ज्योतीवर ठेवलं तर बुडाला लागतं. अर्धा ते एक तास लागेल. सुरुवातीला बीकरसकट वजन करून ठेवा. शेवटी जेवढं पाणी उडालं असेल तेवढं वजनावर पुन्हा घाला.

एचपीसी (४ टक्के): ४ ग्रॅम भुकटी आधी ३० मिलिलिटर गरम पाण्यात, साधारण ६० अंशांच्या, टाकून ढवळा. एवढ्या गरम पाण्यात एचपीसी विरघळत नाही, त्यामुळे कण नुसते सुटे होऊन ओले होतात. मग ६६ मिलिलिटर थंड पाणी ओता आणि निवेपर्यंत ढवळा. विरघळणं निवताना होतं. गढूळ मिश्रण हळूहळू स्वच्छ होताना दिसेल, आणि प्रकल्पातला पहिला पुरावा तुम्हाला इथेच मिळेल. वहीत नोंद करा.

टाकणखार (४ टक्के): ९६ मिलिलिटर कोमट पाण्यात ४ ग्रॅम. थंडीच्या दिवसांत तळाला स्फटिक दिसले तर वापरण्याआधी पुन्हा कोमट करा.

तिन्ही द्रावणं झाकून रात्रभर ठेवा. ढवळताना शिरलेले हवेचे बुडबुडेसुद्धा प्रकाश विखुरतात. ते गेले नाहीत तर पुढचे सगळे आकडे खोटे पडतील.

जेल बांधताना

पीव्हीए आणि एचपीसीची द्रावणं खोलीच्या तापमानाला सारख्या मापाने हळुवार मिसळा. मिश्रणात आता ४ टक्के पीव्हीए आणि २ टक्के एचपीसी आहे. दोन वेगळ्या पॉलिमरचं पाण्यात नेहमीच जमतं असं नाही. मिश्रण गार असतानाच धुरकट दिसलं तर दोघांचं प्रमाण निम्म्यावर आणून पाहा. ते पुरेसं स्वच्छ असल्याची खात्री झाल्यावरच पुढे जा.

आता १० मिलिलिटर मिश्रणात सिरिंजने १ मिलिलिटर टाकणखाराचं द्रावण थेंबाथेंबाने सोडा आणि प्रत्येक थेंबानंतर दांडीने घोळवा. एकदम ओतलं तर जिथे पडलं तिथे घट्ट गोळा होतो आणि बाकीचं पातळ राहतं. जेल फार सैल वाटलं तर २ मिलिलिटरपर्यंत वाढवता येईल. बांधलेलं जेल झाकून काही तास ठेवा. गाठी सर्वत्र सारख्या बसतात आणि बुडबुडेही वर येतात.

एकच जेल करून थांबू नका. निदान तीन नमुने हवेत:

पहिला: पीव्हीए आणि टाकणखार, एचपीसीच्या जागी तेवढंच पाणी.
दुसरा: एचपीसी आणि टाकणखार, पीव्हीएच्या जागी तेवढंच पाणी.
तिसरा: तिन्ही एकत्र.

पहिला सांधायला हवा, पण पांढरा व्हायला नको. दुसरा पांढरा व्हायला हवा, पण त्याचं सांधणारं जेल व्हायला नको. तिसऱ्याने दोन्ही करायला हवं. हे तीन नमुने शेजारी-शेजारी ठेवले की निम्मं स्पष्टीकरण न बोलता होतं.

मोजमाप एक: कोणत्या तापमानाला पांढरं होतं?

तिन्ही नमुने परीक्षानळ्यांत घेऊन पाण्याच्या मोठ्या बीकरमध्ये उभे करा. मागे काळ्या रेघा छापलेला कागद लावा. पाणी मिनिटाला साधारण एक अंश या बेताने तापवा. थर्मामीटर बाहेरच्या पाण्यात ठेवू नका, जेलमध्येच बुडवा; जेल पाण्यापेक्षा मागाहून तापतं आणि घाई केली तर दोन-तीन अंशांची चूक सहज होते. रेघा पुसट होऊ लागल्या ते तापमान आणि दिसेनाशा झाल्या ते तापमान, दोन्ही लिहा. मग आच बंद करून निवतानाही तेच करा. दोन्ही वेळचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. दाट जेलमध्ये पुंजके सुटून पसरायला वेळ लागतो, त्यामुळे हा फरक अपेक्षितच आहे. तो लपवू नका, आलेखात दाखवा.

नुसत्या एचपीसीच्या पाण्यातल्या द्रावणाचं पांढरं पडण्याचं तापमानही शेजारी मोजा. टाकणखार हाही क्षारच असल्यामुळे जेलमधला आकडा त्याच्यापेक्षा खाली आला तर नवल नाही.

आकडे अधिक नेमके हवे असतील तर मोबाइल कामी येतो. अनेक अँड्रॉइड फोनना समोरच्या बाजूला उजेड मोजणारा संवेदक असतो आणि लक्स मीटरची मोफत अॅप मिळतात. आतून काळा कागद लावलेल्या खोक्यात एका टोकाला एलईडी टॉर्च, मध्ये सपाट बाजूंच्या छोट्या बाटलीत जेल आणि दुसऱ्या टोकाला फोन, अशी रचना करा. आधी त्याच बाटलीत साधं पाणी भरून वाचन घ्या. समजा पाण्यातून ८०० लक्स आले आणि जेलमधून ६८०, तर जेलची पारदर्शकता ८५ टक्के. दर दोन अंशांना वाचन घेऊन आलेख काढा. पारदर्शकता ५० टक्क्यांवर येते ते तापमान ‘पांढरं पडण्याचं तापमान’ म्हणून धरण्याची पद्धत रूढ आहे. तुम्ही कोणती व्याख्या घेतली ते मात्र लिहा. मोजणी संपेपर्यंत टॉर्च आणि फोन जागचे हलवू नका, आणि टॉर्चची बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या.

हा आलेख हाती आला की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: हे तापमान हवं तसं बदलता येईल का? येतं. साधं मीठ घातलं की पाणी मिठाच्या आयनांकडे ओढलं जातं, साखळ्यांच्या वाट्याला कमी येतं आणि जेल आधीच पांढरं होतं. अर्धा, एक, दोन टक्के मीठ घालून प्रत्येकाचं तापमान मोजा. मीठ विरुद्ध तापमान हा आलेख प्रकल्पाचा कणा ठरू शकतो, कारण खिडकीसाठी ४१ अंश फार उशिराचे आहेत; तिथे तीस-बत्तीसच्या आसपासचं तापमान लागतं.

मोजमाप दोन: किती सांधतं?

‘सांधलं’ एवढं म्हणून भागत नाही. जेलच्या सारख्या लांबी-रुंदीच्या पट्ट्या करा. एक पट्टी न कापता ठेवा. बाकीच्या मधोमध कापून, अर्ध्या भागाला शाईचा थेंब देऊन रंगवा आणि कडा एकमेकींना लावा. कोणाला एक मिनिट, कोणाला पाच, कोणाला पंधरा मिनिटं द्या. मग दोन्ही टोकं चिमट्यात धरून, मोजपट्टीच्या बाजूने सारख्या वेगाने ओढा आणि मोबाइलवर चित्रण करा. चित्रण थांबवून पाहिलं की पट्टी किती लांबल्यावर तुटली ते वाचता येतं. न कापलेली पट्टी १२ सेंटिमीटर लांबून तुटली आणि सांधलेली ९ सेंटिमीटरला, तर सांधण्याची कार्यक्षमता ७५ टक्के. प्रत्येक वेळेसाठी निदान तीन पट्ट्या घ्या आणि सरासरीबरोबर सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडाही द्या.

पट्टी कुठून तुटली हेही पाहा. सांध्याऐवजी दुसरीकडून तुटली, तर सांधा पूर्ण भरला. आणि एक काप मुद्दाम अर्धा तास उघड्यावर ठेवून मग जोडून पाहा. पृष्ठभाग सुकला असेल तर साखळ्यांना हालचाल करता येत नाही आणि सांधा कमजोर राहतो.

एक आक्षेप चाणाक्ष परीक्षक हमखास घेतील: ‘हे सांधतंय की नुसतं ओघळून एक होतंय?’ प्रश्न रास्त आहे. या जेलमध्ये दोन्ही घडतं. म्हणून पट्टीचा मूळ आकार कागदावर आखून ठेवा आणि सांधण्याच्या वेळात ती किती पसरली ते मोजा. एका मिनिटात पसरणं नगण्य आणि सांधा मजबूत असेल, तर गाठी नव्याने बसल्याचा दावा बळकट होतो.

व्हिनेगरची कसोटी

दोन गुण दोन वेगळ्या बंधांमुळे आहेत हे सिद्ध करणारी कसोटी फार स्वस्त आहे. तिसऱ्या नमुन्यात व्हिनेगरचे थेंब टाकून ढवळा. आम्लामुळे बोरेट आयनांचं बोरिक आम्ल होतं, साखळ्यांवरची पकड सुटते आणि जेल पातळ होतं. आता ते सांधण्याचा प्रश्नच उरत नाही. हेच पातळ द्रावण तापवा: ते तरीही पांढरं होतं. एक गुण गेला, दुसरा राहिला. मग धुण्याच्या सोड्याचं द्रावण थोडं थोडं घाला; आम्ल मारलं गेलं की जेल पुन्हा बांधलं जातं. फेस येईल, तो कार्बन डायऑक्साइडचा. तो जाईपर्यंत प्रकाशाचं मोजमाप घेऊ नका. सोड्याने क्षारही वाढतात, त्यामुळे पांढरं पडण्याचं तापमान थोडं खाली सरकण्याची तयारी ठेवा. प्रदर्शनात वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडून हेच दाखवा.

खिडकीचं मॉडेल

दोन काचांच्या मध्ये २ मिलिमीटरची पोकळी ठेवून कडा सील करा आणि जेल भरा. सील करायला आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नका. ते सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं, आणि आम्ल या जेलचं काय करतं ते आपण वर पाहिलंच. बिनवासाचं, ‘न्यूट्रल’ लिहिलेलं सिलिकॉन घ्या.

थर्माकोलची दोन सारखी खोकी घेऊन एकाला ही खिडकी बसवा आणि दुसऱ्याला पहिल्या नमुन्याच्या जेलची, म्हणजे पांढरी न होणारी. साध्या रिकाम्या काचेशी तुलना करू नका; जेलमधलं पाणी स्वतःच थोडी उष्णता शोषतं आणि श्रेय भलत्यालाच जातं. दोन्ही खोक्यांवर सारख्या अंतरावर हॅलोजन दिवा लावा. एलईडी दिव्यात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, त्याने खिडकी तापणार नाही. आतलं तापमान दर पाच मिनिटांनी लिहा.

फरक थोडाच आला तर नाराज होऊ नका. विखुरलेला बराचसा प्रकाश पुढे, खोक्याच्या आतच जातो. मागे परततो तो वाटा थराच्या जाडीवर आणि पुंजक्यांच्या आकारावर ठरतो. संशोधकांचीही हीच झटापट चालू आहे. सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातल्या लाँग यी यांच्या गटाने २०२० साली दोन काचांमध्ये हायड्रोजेलयुक्त द्रव भरून अशी खिडकी केली. संगणकावरच्या आकडेमोडीत इमारतीच्या वातानुकूलनाची ऊर्जा नेहमीच्या काचेच्या तुलनेत ४५ टक्क्यांपर्यंत वाचते, असं त्यांना आढळलं. तुमच्या खोक्यातला दोन अंशांचा फरक या कामाशी जोडून सांगता येतो, पण तो दोनच अंश आहे हे स्पष्ट सांगूनच.

सुरक्षितता

टाकणखार पोटात जाऊ देऊ नका. प्रजननसंस्थेला अपाय करणारा पदार्थ म्हणून युरोपात त्याची नोंद आहे. हातमोजे घाला, काम झाल्यावर हात साबणाने धुवा, स्वयंपाकाची भांडी आणि चमचे प्रयोगाला घेऊ नका. प्रदर्शनात लहान मुलं जेल तोंडाजवळ नेतात. त्यांना पारदर्शक डब्यातूनच दाखवा. उरलेलं जेल व्हिनेगरने पातळ करून, भरपूर पाणी घालून मोरीत सोडा. कुंडीत किंवा बागेत ओतू नका, जास्त बोरॉन झाडांना मारतं. तापवण्याचं काम शिक्षकांच्या देखत करा.

तक्ता मांडताना

तक्त्यावर या विषयाचा इतिहास मोजक्या ओळींत लिहा. प्रागच्या ओट्टो विख्टरले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० साली ‘नेचर’मध्ये हायड्रोजेलबद्दल लिहिलं, आणि १९६१ च्या नाताळात विख्टरले यांनी घरीच, मुलांच्या मर्कुर या यांत्रिक खेळण्याच्या संचातून यंत्र जोडून, सायकलच्या डायनॅमोवर ते फिरवून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवल्या. साधनं साधी आहेत म्हणून संकोच करायचं कारण नाही.

दुसरी ओळ महाराष्ट्रातल्या कामाची असायला हवी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शायनी वर्गीस, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी धातूच्या आयनांच्या मदतीने सांधणाऱ्या जेलवर काम केलं; त्याचा शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. पुढे वर्गीस यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने २०१२ मध्ये, आम्लात सेकंदांत सांधणारं हायड्रोजेल जगापुढे ठेवलं. तुमचं जेल आम्लात सुटतं आणि त्यांचं आम्लात सांधतं. हा विरोधाभास का, हे तक्त्यावर दोन ओळींत लिहिता आलं तर विषय तुम्हाला समजला असं कोणीही मान्य करेल. (तिथे पकड हायड्रोजन बंधांची असते. आम्लात कार्बॉक्सिल गटांवरचा विद्युतभार जातो आणि साखळ्या एकमेकींना धरू शकतात.)

तक्त्यावर तीन आलेख पुरेत: तापमान-पारदर्शकता, मीठ-तापमान आणि वेळ-सांधण्याची कार्यक्षमता. प्रत्येक आलेखाखाली किती नमुने घेतले ते लिहा. जे जमलं नाही त्याचीही एक ओळ असू द्या. रंगीत थर्माकोलची अक्षरं आणि झगमगती चौकट यांवर वेळ घालवू नका.

प्रदर्शनाच्या निदान तीन आठवडे आधी कामाला लागा. पहिला आठवडा द्रावणं आणि प्रमाणं जमवण्यात जाईल, दुसरा मोजमापात, आणि तिसरा शंका आलेली मापं पुन्हा घेण्यात. शिक्षकांना एकच विनंती: हा तिसरा आठवडा सजावटीत वाया जाऊ देऊ नका. विद्यार्थी आपलाच आकडा तपासून पाहायला शिकतो तो याच आठवड्यात.